डेबियन टाकताना रूटला पासवर्ड द्यायचा की नाही? (वाचनालयाचे जुने पीसी)

सोनचाफा
मंडळी, सल्ला हवाय. आमच्या गावच्या वाचनालयाला एका कार्यालयाने आठ जुने डेस्कटॉप दिलेत. ४ जीबी रॅम आहे, विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही. म्हणजे विंडोज ११ चा विषयच संपला, आणि विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलीय. म्हणून डेबियन १३ (मोफत लिनक्स प्रणाली) आणि एक्सएफसीई (तिचा हलका डेस्कटॉप) टाकायचं ठरवलंय.

भाषा, कीबोर्ड, नेटवर्क इथपर्यंत कुणीही नेक्स्ट-नेक्स्ट करत जाईल. मग इन्स्टॉलर एकदम रूटचा (सगळे हक्क असलेल्या मुख्य खात्याचा) पासवर्ड विचारतो आणि तिथे माझी गाडी अडते. वर लिहिलेलं असतं की द्यायचा तर द्या, नाहीतर रिकामा सोडा. असा पर्याय दिला की माणूस जास्तच घाबरतो. त्यानंतर पूर्ण नाव, युजरनेम, परत पासवर्ड.

तर प्रश्न असे. रूटचा पासवर्ड द्यावा का? मुलं आणि गावकरी येऊन बसणार, त्यांना इन्स्टॉलरमध्ये बनवलेलंच खातं द्यायचं की वेगळं? आणि नावं देवनागरीत चालतील का? सांभाळायला मी आणि ग्रंथपाल काका असे दोघंच आहोत. काकांना माउस येतो, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) नाही.

टर्मिनलवेडा
रिकामा सोडा, डोळे मिटून.

रिकामा सोडला की डेबियन रूट खातं कुलूपबंद करतो आणि पुढच्या पानावर जे पहिलं खातं बनतं त्याला सुडो ग्रुपमध्ये (गरजेपुरते रूटचे हक्क वापरू शकणाऱ्यांत) घालतो. पासवर्ड दिलात तर उलट होतं: रूट चालू राहतो आणि पहिलं खातं साधं राहतं. एकाच रिकाम्या चौकटीवर दोन वेगळ्या गोष्टी ठरतात आणि ते कुणी नीट वाचत नाही. मग इंटरनेटवरची कुठलीतरी कृती बघून सुडो लिहितात आणि 'हा युजर सुडोअर्समध्ये नाही' असं तोंडावर येतं. डेबियनच्या नवख्यांचे निम्मे प्रश्न इथूनच जन्मतात.

उबुंटूने (डेबियनवरच बेतलेलं लिनक्स) ऑक्टोबर २००४ च्या पहिल्याच आवृत्तीपासून रूट बंद ठेवलाय. वीस वर्षांवर झाली, कुणाचं काही बिघडलं नाही.

जुनाजाणता
बिघडलं नाही कसं? सकाळी सकाळी फोन मला येतात ना.

टर्मिनलवेडा यांनी डोळे मिटून म्हटलंय, मी उघडे ठेवून सांगतो. समजा कुणी जादा डिस्क जोडली, एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत) तिची ओळ घातली आणि पुढे ती डिस्क काढून नेली. पुढच्या वेळी मशीन सुरू करताना सिस्टमडी (बाकी सगळं सुरू करून देणारा प्रोग्राम) त्या डिस्कची ९० सेकंद वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जातो. तिथे दुरुस्तीसाठी रूटचा पासवर्ड लागतो. रूट कुलूपबंद असेल तर डेबियन सांगतो की कन्सोल उघडता येत नाही, कारण रूट खातं बंद आहे; एंटर दाबा. एंटर दाबलं की तेच. परत दाबलं की परत तेच. पडद्यावर दुसरं काही करताच येत नाही. उबुंटूवाल्यांनी आपल्याकडे याची सोय करून ठेवलीय, म्हणून उबुंटूचा दाखला डेबियनला लागू होत नाही.

म्हणून मी रूटला लांबलचक पासवर्ड देतो, तो वहीत लिहून कपाटात ठेवतो, आणि स्वतःच्या खात्याला नंतर हाताने सुडो देतो.

टर्मिनलवेडा
पण त्या अवस्थेतून बाहेर यायला रूटचा पासवर्ड कशाला हवा? ग्रबच्या (सुरुवातीच्या बूट मेनूच्या) यादीत ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'इनिट बरोबर स्लॅश बिन स्लॅश बॅश' लिहा, एफ१० दाबा. थेट रूटचं शेल (कमांड लिहायची जागा) मिळतं. मूळ डिस्क लिहिण्याजोगी माउंट करा (जोडा), ती ओळ काढा, झालं.

जुनाजाणता
मिळतं ना. वाचनालयात बसणाऱ्या आठवीतल्या पोरालाही मिळतं. ग्रबला पासवर्ड नसेल आणि बायोस (मशीनची मूळ सेटिंगं) यूएसबीवरून सुरू होऊ देत असेल, तर तुमचा सुडो आणि माझा रूट, दोन्ही शोभेचे.

टर्मिनलवेडा
हे मान्य. सोनचाफा, बायोसला पासवर्ड आणि यूएसबी बूट बंद, हे आधी करा. मग आमचं भांडण.

वऱ्हाडी_ठेचा
काहून येवढं डोकं लावून राहिले बाप्पा! विंडोज एक्सपीत कसं सोपं होतं. 'हा संगणक कोण वापरणार' म्हणून पाच रकाने यायचे. बाबा, आई, मी, ताई, पाचवा रकाना कुत्र्याच्या नावाने. सगळे राजे!

जुनाजाणता
@वऱ्हाडी_ठेचा, हसताय, पण अगदी तेच व्हायचं. त्या पाच रकान्यांत लिहिलेलं प्रत्येक नाव ॲडमिन व्हायचं आणि एकालाही पासवर्ड नसायचा. तुमच्या कुत्र्यालाही सिस्टम फोल्डर पुसायचा हक्क होता. शिवाय आतलं ॲडमिनिस्ट्रेटर नावाचं खातं वेगळंच. होम आवृत्तीत ते फक्त सेफ मोडमध्ये दिसायचं आणि बहुतेकांकडे त्याचाही पासवर्ड कोरा. एक शहाणपण मात्र केलं होतं: कोऱ्या पासवर्डच्या खात्याने नेटवर्कवरून लॉगिन करता येत नसे. त्यामुळे कॅफेत '१२३' ठेवणाऱ्यापेक्षा काहीच न ठेवणारा त्या एका बाबतीत जास्त सुरक्षित होता!

व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ते आतलं खातं बंद येऊ लागलं आणि यूएसी, म्हणजे मोठ्या बदलाआधी परवानगी विचारणं, आलं. पण पहिलं खातं अजूनही ॲडमिनच असतं, फक्त रोजची कामं कमी अधिकारात होतात आणि गरज पडली की पडदा काळवंडून विचारणा होते. लोक न वाचता 'येस' दाबतात हा भाग वेगळा.

राईनकाठची
माझा अनुभव थोडा अवांतर आहे, पण खात्याच्या पानाशी थेट संबंध आहे म्हणून लिहितेय.

पुण्यात बाबांसाठी लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, 'सगळं सेटअप करून देतो.' विंडोज ११ होम होतं, त्याला पहिल्या सेटअपला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. दुकानातल्या मुलाने बाबांचं खातं काढण्याची यातायात केली नाही, दुकानाच्याच ईमेलने पुढे गेला. मग बाबांसाठी आत दुसरं साधं खातं बनवून दिलं. बाबा खूश. पुढे बायोसचं अपडेट आलं आणि मशीन सुरू होताना निळा पडदा: ४८ आकडी रिकव्हरी की टाका.

कुठली की? मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केलं की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते (कीशिवाय वाचता येत नाही) आणि ती की त्याच खात्यात जमा होते. म्हणजे दुकानाच्या ईमेलमध्ये. तो मुलगा नोकरी सोडून गेलेला, पासवर्ड कुणाला ठाऊक नाही. मी व्हिडिओ कॉलवर, बाबा पडद्यासमोर भिंग घेऊन की आयडी वाचतायत, दुकानदार म्हणतोय 'फॉरमॅट मारून देतो साहेब'. बाबांचे फोटो गेले.

सोनचाफा, तुमच्याकडे विंडोज नाही हे मला कळतंय. पण पहिलं खातं कुणाच्या नावावर आहे, हे बिल कुणाच्या नावावर आहे याच्याइतकंच बघायला हवं. काका उद्या निवृत्त झाले तर?

कीबोर्डवारकरी
@राईनकाठची, यासाठीच मिंटमध्ये (आणखी एक लिनक्स) ओईएम इन्स्टॉल, म्हणजे मशीन विकणाऱ्यांसाठीचं इन्स्टॉल, असतं. मिंटच्या बूट मेनूत सरळ दिसतं. त्यात ओईएम नावाचं तात्पुरतं खातं बनतं. दुकानदाराने अपडेट, मराठी फाँट, प्रिंटर असं काय ते करायचं आणि शेवटी 'ग्राहकाकडे पाठवा' या अर्थाचं बटण दाबून मशीन बंद करायचं. ग्राहकाने घरी चालू केलं की नाव-पासवर्डचं पान त्याच्यासमोर येतं आणि ते तात्पुरतं खातं पुसलं जातं. जुने लॅपटॉप विकणाऱ्यांनी हे शिकून घ्यायला हवं. फेडोरा वर्कस्टेशन या लिनक्समध्ये तर इन्स्टॉल करताना खातं विचारतच नाहीत, पहिल्यांदा सुरू केल्यावर विचारतात.

मांडवीतीर
आमच्या रास्पबेरी पायची (तळहाताएवढा छोटा संगणक) गंमत सांगतो. कितीतरी वर्षं त्यात युजर 'पाय' आणि पासवर्ड 'रास्पबेरी' असं तयारच यायचं. पणजीत काय आणि पेडण्यात काय, कुठल्याही पायला जोडून बघा, दहातले निम्मे उघडायचे. २०१६ मध्ये मिराई बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या जाळ्याने) कॅमेरे आणि राउटर असेच कारखान्यातल्या पासवर्डांची छोटीशी यादी घेऊन फोडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पायवाल्यांनी एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय) मुळात बंद करून द्यायला सुरुवात केली. 'पाय' हे तयार खातं मात्र जायला एप्रिल २०२२ उजाडलं. आता पहिल्या वेळी नाव स्वतः ठरवावं लागतं, किंवा इमेजर (कार्ड तयार करायचं त्यांचं ॲप) वापरून कार्डावर आधीच लिहून ठेवता येतं.

लोकांची काय बोंब झाली तेव्हा! सगळ्या जुन्या स्क्रिप्टांमध्ये 'होम स्लॅश पाय' ठोकून लिहिलेलं. आमच्या ग्रुपवर लोक नवीन नाव विचारलं की परत 'पाय'च टाकायचे.

टर्मिनलवेडा
+१. काली लिनक्सचंही तसंच होतं, युजर रूट आणि पासवर्ड 'टूर'. २०२० च्या पहिल्या आवृत्तीत साधं खातं आलं. पासवर्ड मात्र 'काली'लाच 'काली'. सुरक्षा तपासणाऱ्यांची ही तऱ्हा.

जुनाजाणता
बंद खात्यावर फार विसंबू नका, इतकंच माझं म्हणणं. मॅकवर रूट मुळातच बंद असतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये हाय सिएरा या मॅकच्या आवृत्तीत काय निघालं? युजरनेमच्या जागी रूट लिहा, पासवर्ड कोरा ठेवा, अनलॉक एक-दोनदा दाबा. मशीन तुमचं. बंद असलेलं खातं त्या प्रयत्नातच कोऱ्या पासवर्डने चालू होत होतं. ॲपलने दुसऱ्या दिवशी दुरुस्ती काढली. ज्यांनी स्वतः रूटला पासवर्ड देऊन ठेवला होता ते सुटले.

इन्स्टॉलरवरही आंधळा विश्वास नको. उबुंटू ५.१० च्या इन्स्टॉलरने पहिल्या खात्याचा पासवर्ड लॉग फाइलमध्ये जसाच्या तसा लिहून ठेवला होता आणि ती फाइल मशीनवरच्या कुणालाही वाचता येत होती. मार्च २००६ मध्ये लक्षात आलं.

टर्मिनलवेडा
हे मॅकचं उदाहरण चांगलं आहे, पण तो ॲपलच्या कोडमधला दोष होता. लिनक्सवर शॅडो फाइलमध्ये (पासवर्ड साठवायची फाइल) बंद खात्याच्या पासवर्डच्या जागी उद्गारचिन्ह असतं, त्याच्याशी कुठलाच पासवर्ड जुळू शकत नाही. दोन्ही एका मापाने मोजू नका.

जुनाजाणता
मोजत नाही. वहीतला पासवर्ड मोजतोय.

सोनचाफा
अहो, तुम्ही दोघं तिकडे मॅकवर पोचलात, माझे पीसी अजून खोक्यात आहेत 😀 दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं कुणीतरी सांगा ना.

कीबोर्डवारकरी
ताई, तिसरं आधी, ते सोपं आहे. 'पूर्ण नाव' मध्ये देवनागरी बिनधास्त लिहा. युजरनेम मात्र छोट्या लिपीतल्या इंग्रजी अक्षराने सुरू व्हायला हवं. पुढे अक्षरं, आकडे, डॅश चालतात. आणि इन्स्टॉलर मराठीत हवा असेल तर ग्राफिकल निवडा, नुसत्या अक्षरांच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी येत नाही.

सांभाळायची गोष्ट वेगळीच आहे. मराठी कीबोर्ड निवडलात की तो विचारतो, मराठीतून इंग्रजीत जायला कुठली कळ. ती लिहून ठेवा. पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे टाइप करताना कीबोर्ड कुठल्या लिपीत होता ते कळत नाही. इन्स्टॉल करताना मराठीत असेल आणि लॉगिनच्या पडद्यावर इंग्रजीत, तर पासवर्ड बरोबर असून चुकतो. मुख्य कीबोर्ड इंग्रजी ठेवा, मराठी नंतर जोडा.

आता दुसरं. इन्स्टॉलरमधलं खातं लोकांना अजिबात देऊ नका. ते 'देखभाल' नावाचं ठेवा, तुमचं आणि काकांचं. लोकांसाठी 'वाचक' हे वेगळं, सुडो नसलेलं. नंतर बनवलेल्या खात्याला इन्स्टॉलरमधल्या खात्याइतके ग्रुप मिळत नाहीत, पण ब्राउझर, आवाज, छपाई याला अडत नाही. नवा प्रिंटर जोडणं वगैरे देखभालमधून करा.

राईनकाठची
'वाचक' एकच खातं असेल तर एकाचं दुसऱ्याला दिसणार ना? घरच्या मशीनवर ठीक आहे. तिथे उबुंटू २१.०४ पासून आणि डेबियन १२ पासून एकाचं होम फोल्डर दुसऱ्याला उघडत नाही, आधी सरसकट वाचता यायचं. पण इथे सगळे एकाच खात्यात बसणार.

कीबोर्डवारकरी
बरोबर पकडलंत. आणि आपल्याकडे लोक अशा पीसीवर काय करतात? सातबारा, हॉलतिकीट, शिष्यवृत्तीचा फॉर्म, आधारची पीडीएफ. डाउनलोड्समध्ये सगळं तसंच पडून. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून लोक निर्धास्त असतात; तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. गावात कुणाचं जन्मसाल कुणाला ठाऊक नसतं?

म्हणून वाचकचं होम फोल्डर रॅममध्ये ठेवा. एफएसटॅबमध्ये टेम्पएफएसची (रॅममध्ये फोल्डर ठेवायची) एक ओळ, मर्यादा साधारण ५१२ एमबी, कारण तुमच्याकडे रॅम ४ जीबीच आहे. लाइटडीएमला (लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्राम) लॉगिनच्या वेळी आणि लॉगआउटच्या वेळी स्क्रिप्ट चालवता येते: लॉगिनला कोऱ्या नमुन्यातून फोल्डर भरायचं, लॉगआउटला रिकामं करायचं. नुसत्या लॉगआउटच्या स्क्रिप्टवर राहू नका. कोकणात पावसाळ्यात वीज जाते तेव्हा कुणी लॉगआउट करत बसत नाही. रॅममधलं मात्र वीज गेली की गेलंच.

वऱ्हाडी_ठेचा
आन् पोराने निबंध लिहिला, वीज गेली, मंग?

कीबोर्डवारकरी
पेन ड्राइव्ह. भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवा: 'इथे काहीही साठत नाही'.

मांडवीतीर
वाचकला ऑटो-लॉगिन ठेवा. काकांना पासवर्ड सांगत बसायला नको. तसंही लाइटडीएम डेबियनवर नावांची यादी दाखवत नाही, युजरनेम टाइप करावं लागतं, मुलं तिथेच अडकतील.

टर्मिनलवेडा
ऑटो-लॉगिन फक्त वाचकला हं, देखभालला चुकूनही नको. क्रोमियम ब्राउझर टाकणार असाल तर तो मधेच कीरिंगचा (साठवलेल्या पासवर्डांच्या तिजोरीचा) पासवर्ड मागेल. ऑटो-लॉगिनमध्ये पासवर्ड टाइपच होत नाही, त्यामुळे कीरिंग आपोआप उघडत नाही. लोक गोंधळतात. फायरफॉक्सच ठेवा, तो डेबियनबरोबर येतोच.

आणि आठ वेळा तीच उत्तरं टाइप करू नका. डेबियनला प्रीसीड फाइल देता येते, त्यात सगळी उत्तरं आधीच लिहायची. रूट चालू की बंद, खात्याचं नाव, पासवर्डसुद्धा. पासवर्ड मात्र हॅश करून (मूळ शब्द कळणार नाही अशा रूपात) लिहा, उघडा नको. ती पेन ड्राइव्ह वाचनालयातच राहणार आहे.

सोनचाफा
वा, आता आकार येतोय. मग असं करते: देखभाल, वाचक, ऑटो-लॉगिन, रॅममधलं होम. रूटच्या बाबतीत जुनाजाणता यांचं ऐकते, कारण इमर्जन्सीत मी ग्रबच्या ओळी फोनवर काकांना सांगू शकणार नाही. वहीतला पासवर्ड सांगू शकते. वही कपाटात, किल्ली अध्यक्षांकडे.

टर्मिनलवेडा
हरलो 😀 पण कारण पटलं. मग देखभालला सुडो हाताने द्यायला विसरू नका.

राईनकाठची
आणि ओपनसुसे या दुसऱ्या लिनक्सची जुनी कृती बघून करू नका. तिथे बरीच वर्षं पहिल्या खात्याचाच पासवर्ड रूटला वापरायची खूण आधीच केलेली असायची आणि सुडो तुमचा नाही, रूटचा पासवर्ड मागायचा. सवय नसेल तर वेड लागतं.

सोनचाफा
पहिल्या पीसीवर टाकून झालं. टर्मिनलमध्ये एसयू (खातं बदलायची कमांड) करून रूट झाले, पासवर्ड घेतला, पण युजरमॉड (खात्याचे ग्रुप बदलायची कमांड) लिहिलं की म्हणतो, अशी कमांडच नाही. इन्स्टॉल अर्धवट झालंय का?

जुनाजाणता
नाही, इन्स्टॉल ठीक आहे. डेबियन १० पासून नुसतं एसयू केलं की तुम्ही रूट होता, पण कमांड शोधायचे रस्ते जुन्या खात्याचेच राहतात, आणि युजरमॉड ज्या एस-बिन फोल्डरात आहे ते साध्या खात्याच्या रस्त्यात नसतं. बाहेर या, आणि एसयू, एक स्पेस, डॅश असं लिहा. मग युजरमॉड चालेल. त्यात छोटा ए आणि मोठा जी दोन्ही लावा. ए राहिला तर देखभालचे बाकीचे सगळे ग्रुप जातात आणि एकटा सुडो उरतो. झालं की देखभालमधून लॉगआउट करून परत आत या. त्याशिवाय नवा ग्रुप लागू होत नाही.